विश्लेषण : पाच वाक्यांचे पत्र, ६०८ संदर्भ… वैद्यकीय शोधनिबंधात मूळ स्रोत वाचणे का महत्त्वाचे?

वैद्यकीय, नर्सिंग वा फार्मसीच्या अनेक विद्यार्थ्यांना संदर्भसूची हे प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री उरकायचे काम वाटते. मात्र चुकीच्या संदर्भाचे परिणाम थेट रुग्णांना भोगावे लागू शकतात. अमेरिकेतील एक पत्र त्याचे ठळक उदाहरण आहे.

पत्रात काय होते?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १० जानेवारी १९८० रोजी जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११ हजार ८८२ रुग्णांमध्ये, पूर्वी व्यसन नसताना ते जडल्याची पुरेशी नोंद असलेले केवळ चार जण आढळले, असे त्यात होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचे काय होते, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

चूक कुठे झाली?

कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये या पत्राच्या ६०८ संदर्भांची छाननी केली. ७२ टक्के ठिकाणी ते ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून वापरलेले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही बाब ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी गाळली होती. अशा संदर्भांमुळे डॉक्टरांची भीड चेपली आणि उत्तर अमेरिकेतील ओपिऑइड संकटाला हातभार लागला, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रासोबत सावधगिरीची टीप जोडली.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

• मूळ लेख वाचूनच संदर्भ द्यावा. तो मिळाला नाही, तर प्रत्यक्ष वाचलेल्या लेखाचा उल्लेख करावा.

• अभ्यास कोणत्या रुग्णांवर आणि कोणत्या परिस्थितीत झाला, हे वाक्यातच सांगावे.

• वैद्यकीय लेखनात रूढ असलेल्या व्हँकुव्हर पद्धतीत संदर्भांना मजकुरातील क्रमाने आकडे देतात. तोच स्रोत पुन्हा आल्यास आकडा तोच राहतो.

• लेख मागे घेतला गेला आहे का, हे पबमेडवर पाहावे.

• एआय चॅटबॉट अस्तित्वातच नसलेले लेखही सुचवतात. त्यामुळे प्रत्येक डीओआय क्रमांक उघडून तपासावा.

वाक्याशेजारचा छोटासा आकडा म्हणजे ‘हे मी वाचले आहे’ अशी लेखकाची सही असते. पुढचा डॉक्टर त्याच सहीवर विसंबून औषध लिहीत असतो.