तारापूरची जुनी जोडी

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राकडे निघाले की तारापूरचे अणुऊर्जा केंद्र लागते. 1963 च्या भारत-अमेरिका करारानंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीने इथे दोन अणुभट्ट्या उभारून दिल्या आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून देशाला पहिली अणुवीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. पण भट्टी विकत घेणे सोपे, ती पन्नास वर्षे चालती ठेवणे अवघड. तारापूरची खरी कमाई या दुसऱ्या कामात आहे, असे मला वाटते.

या जुन्या भट्ट्यांत पाणी थेट इंधनाला लागून उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. वाफ थंड करायला अरबी समुद्राचे पाणी येते, पण ते वेगळ्या नळ्यांतून जाते, दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. भट्टीतली वाफ किरणोत्सार घेऊन येते, म्हणून भट्टी चालू असताना टर्बाइनजवळही हवे तेव्हा जाता येत नाही. दुरुस्तीला जाणाऱ्याच्या छातीवर किरणोत्साराचा डोस मोजणारा बॅज असतो. जास्त किरणोत्साराच्या जागी एकाच माणसाला काम संपेपर्यंत थांबता येत नाही. ठरलेला डोस झाला की तो बाहेर येतो आणि दुसरा पुढचे काम हाती घेतो. इंधन बदलायचे तर भट्टी बंद करून झाकण काढावे लागते. जळालेले इंधन पाण्याखालूनच उचलून तळ्यात नेतात. वर भरलेले पाणीच माणसांचे रक्षण करते.

1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर, या भट्ट्यांना इंधन म्हणून लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा अमेरिकेकडून होणारा पुरवठा अडू लागला आणि शेवटी थांबला. मग ते फ्रान्सकडून आले, पुढे चीन आणि रशियाकडूनही. मधल्या काळात प्लुटोनियम मिसळलेले इथलेच इंधन काही प्रमाणात वापरून पाहिले गेले. भट्टीतल्या वाफेच्या जोडीला दुय्यम वाफ तयार करणारी यंत्रेही सुरुवातीला होती; त्यांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा ती बाजूला काढली. त्यामुळे 210 मेगावॅटच्या भट्ट्या 160 वर आल्या, पण बंद पडल्या नाहीत. ज्यांनी त्या बांधल्या त्यांचा हात सुटल्यावरही इथल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी हे निभावले, याचा मला अभिमान वाटतो.

शेजारच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची गोष्ट वेगळी. 540 मेगावॅटच्या या भट्ट्या जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यांचे इंधन त्या चालू असतानाच बदलता येते. चौथी 2005 मध्ये आणि तिसरी 2006 मध्ये वीज देऊ लागली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना किनाऱ्यापासून दूर बसवले की घर मिळाले तरी धंदा जातो. पुनर्वसनाचा हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. भट्टीच्या एकेका नळीची जेवढी काळजी घेतली, तेवढी या गावांचीही घ्यायला हवी होती.

जुनी जोडी 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली गेली. भट्टीत पाणी फिरवणारे मूळचे पाइप काढून तिथे नवे बसवण्याचे काम तेव्हा हाती घेण्यात आले.