चित्र दिसते, पण आवाज येत नाही

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी त्यास रंग प्राप्त झाला. पुढील दशकात घरोघरच्या रंगीत संचांना एक नवा जोडीदार मिळाला. तो म्हणजे कॅसेट बसवून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र. कॅनॉट प्लेसमधील भूमिगत पालिका बाजारात आणि लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटात अशी यंत्रे विकावयास असत. त्यांतील पुष्कळशी यंत्रे म्हणजे जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या, तैवान व चीन येथे तयार झालेल्या नकला होत्या.

आज असे एखादे यंत्र रोहिणीतील किंवा नोएडातील घराच्या माळ्यावरून खाली उतरते, धूळ पुसून नव्या सपाट पडद्याच्या संचास जोडले जाते, आणि पडद्यावर चित्र उमटूनही खोली मुकी राहते. यंत्र निकामी झाले असा निष्कर्ष काढून ते कबाड्याच्या हवाली केले जाते. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे अशा टाकाऊ विद्युत्सामग्रीची मोठी पेठ आहे. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात व तो धूर मोडतोड करणाऱ्यांच्याच छातीत जातो. म्हणून यंत्र खरोखरच निकामी झाले आहे किंवा कसे, याची शहानिशा आधी करणे अगत्याचे आहे.

या शहानिशेस पडद्यावरील चित्राचीच मोठी मदत होते. चित्र स्वच्छ दिसत असेल, तर यंत्रास वीज मिळत आहे, त्यातील मुख्य भाग काम करीत आहेत आणि कॅसेटमधील खेळही वाचला जात आहे, इतके सिद्ध झालेच. दोष राहतो तो ध्वनीच्या वाटेवर. चित्र व ध्वनी यंत्रातून एकाच वेळी निघतात खरे, परंतु त्यांच्या वाटा निराळ्या असतात. त्या कोठे फुटतात हे कळले म्हणजे अर्धे काम झाले.

जुनी यंत्रे बहुधा संचाच्या अँटेनाच्या सॉकेटास जोडली जात. अशा यंत्राच्या पोटात पत्र्याच्या डबीत एक भाग असतो, त्यास कारागीर मॉड्युलेटर म्हणतात. हे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होय. ते चित्र एका विद्युत्-लहरीवर चढविते आणि ध्वनी दुसऱ्या लहरीवर. या दोन लहरींच्या कंप्रतांमध्ये किती अंतर असावे, हे मात्र सर्व देशांनी एकसारखे ठरविले नाही. भारताने ५.५ मेगाहर्ट्झ हे अंतर स्वीकारले. ब्रिटन व हाँगकाँग येथे ते ६, चीनमध्ये ६.५ आणि अमेरिका व जपान येथे ४.५ मेगाहर्ट्झ होते.

गल्लीत पाहुणा यावा आणि त्यास इतकेच सांगितलेले असावे की, चित्राचे घर सापडले म्हणजे तेथून साडेपाच पावलांवर ध्वनीचे घर आहे. ते घर प्रत्यक्षात सहा पावलांवर असेल, तर पाहुणा भिंतीवर थाप मारीत उभा राहील. दुसऱ्या देशासाठी बनविलेले यंत्र आपल्या संचास जोडले असता नेमके हेच घडते. चित्र उत्तम दिसते, पण संच जेथे ध्वनी शोधतो तेथे काहीच नसते. जुना संच अशा वेळी जोराने फुसफुसे, त्यामुळे काही तरी चुकले आहे हे तरी समजे. नवा संच अर्थशून्य खरखर ऐकविण्याऐवजी आवाज आपणच बंद करतो, आणि ही त्याची सभ्यता माणसास चकविते.

उपाय मात्र नव्या संचातच अधिक सोपा आहे. ज्या संचात जुन्या पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅनालॉग, वाहिन्या शोधण्याची सोय आहे, त्यात वाहिनी हाताने लावण्याच्या यादीत बहुधा ध्वनिपद्धती निवडता येते. तेथे ‘बीजी’ याऐवजी ‘आय’ किंवा ‘डीके’ निवडून पाहावे. ‘बीजी’ म्हणजे साडेपाच, ‘आय’ म्हणजे सहा आणि ‘डीके’ म्हणजे साडेसहा मेगाहर्ट्झ. मुके यंत्र एवढ्यानेच बोलू लागल्यास आश्चर्य वाटू नये. ही सोय नसेल, तर मॉड्युलेटरच्या डबीतील वेटोळ्याचा गाभा किंचित फिरवून जाणता कारागीर ध्वनीची लहर योग्य जागी आणतो. त्यासाठी तो प्लॅस्टिकचा पेचकस वापरतो, कारण लोखंडी पेचकस जवळ येताच वेटोळ्याचा गुणधर्म बदलतो आणि पेचकस दूर नेताच जुळलेला आवाज पुन्हा बिघडतो.

यंत्र उघडण्यापूर्वी मात्र दुसरी कॅसेट बसवून पाहावी. फॅमिकॉमच्या रचनेतील एक चमत्कारिक गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. त्या यंत्रात निर्माण झालेला ध्वनी सरळ बाहेर पडत नाही. कॅसेटच्या साठ संपर्कपट्ट्यांपैकी एकीतून तो कॅसेटमध्ये शिरतो, शेजारच्या पट्टीतून परत यंत्रात येतो आणि मग संचाकडे जातो. कॅसेटमध्ये ध्वनी उत्पन्न करणारा जादा भाग बसविला, तर त्याचा सूर यंत्राच्या सुरात मिसळता यावा, यासाठी ही योजना होती. साध्या कॅसेटमध्ये या दोन पट्ट्या नुसत्या एकमेकींस जोडलेल्या असतात. बऱ्याच नकलांनीही हीच रचना उचलली. म्हणून या दोनच पट्ट्यांवर मळ साचला, तर खेळ निर्वेध चालतो, चित्रात तिळमात्र दोष दिसत नाही आणि आवाज तेवढा नाहीसा होतो.

कॅसेट काढून तिच्या तोंडाशी जोराने फुंकर मारण्याचा विधी त्या पिढीतील प्रत्येक मुलाने केलेला आहे. त्याने कधी कधी गुण येई, परंतु तो बहुधा फुंकरीचा नसून कॅसेट काढून पुन्हा बसविल्याचा असे, कारण त्या घर्षणाने पट्ट्यांवरील मळ थोडा खरवडला जाई. फुंकरीबरोबर जाणारा ओलावा मात्र धातूस कालांतराने गंज चढवितो. दिल्लीची धूळ त्यात मिसळली म्हणजे पट्टीवर करडा थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा पट्ट्यांवरून दोनतीनदा फिरवावा आणि पट्ट्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच कॅसेट बसवावी.

काही यंत्रे रंगीत पिनांच्या केबलने जोडली जातात. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या ध्वनीची व तांबडी उजव्या ध्वनीची. येथे फसगत होते ती तांबड्या रंगाने. ज्या संचावर चित्रासाठी हिरवी, निळी व तांबडी अशी वेगळी सॉकेटे आहेत, त्यावर तांबडी सॉकेटे दोन असतात, आणि त्यांतील एकाचा ध्वनीशी काडीचाही संबंध नसतो. जुन्या यंत्रांत ध्वनीची पिन पुष्कळदा एकच असते. ती पांढऱ्या सॉकेटात बसवावी. आवाज केवळ डाव्या बाजूने आला, तर एकाचे दोन करणारा जोड बाजारात मिळतो.

अलीकडील संचांत जागा वाचविण्यासाठी या तिन्ही सॉकेटांऐवजी एकच बारीक गोल छिद्र असते. त्यात जाणाऱ्या पिनेवर चार धातूचे पट्टे असतात, आणि कोणता पट्टा कशासाठी याविषयी सर्व कारखानदारांचे एकमत नाही. चुकीची केबल लावली असता पडदा काळा राहतो आणि ध्वनिवर्धकातून कर्कश घरघर येते. ती घरघर म्हणजे ध्वनीच्या वाटेत शिरलेले चित्रच होय! अशा वेळी पिवळी पिन आळीपाळीने पांढऱ्या व तांबड्या पिनेच्या जागी लावून पाहावी. तेवढ्याने न जमल्यास संचासोबत आलेला जोडच वापरावा.

आवाज येतो पण त्याबरोबर गुणगुण येते, अशीही तक्रार असते. गुणगुण अखंड एकसारखी असेल, तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदास १०० वेळा दिशा पालटते. अडॅप्टर व यंत्र मिळून तिचा एकदिश प्रवाह करतात, पण तो सपाट करणारा कंडेन्सर जुना होऊन सुकला म्हणजे प्रवाहात लाटा उरतात आणि त्या कानास खर्जातील गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतात. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट जुळणे पुरेसे नाही. मधली पिन धन आहे की ऋण, हेही यंत्रावरील खुणेशी ताडून पाहावे. पडद्यावर पांढरी अक्षरे येताच वाढणारी आणि अंधाऱ्या दृश्यात दबणारी गुणगुण मात्र निराळी. अँटेनाच्या वाटेने जोडलेल्या यंत्रात ती मॉड्युलेटरकडून येते. अतिशुभ्र दृश्यात चित्राची लहर क्षणभर जवळजवळ लोपते आणि तिच्या आधारे ध्वनी उकलणारा संच अडखळतो. संचावरील वाहिनी किंचित इकडेतिकडे सरकविल्यास पुष्कळदा ती कमी होते.

एक तक्रार मात्र कोणत्याही केबलने दूर होणारी नाही. मूळ जपानी यंत्र पडद्यावर सेकंदास सुमारे ६० चित्रे उमटवी आणि संगीताचा ठेकाही त्याच मोजणीने चाले. आपल्याकडील पद्धतीत सेकंदास ५० चित्रे असल्यामुळे तिच्यासाठी बनविलेल्या नकलांत तीच धून एक षष्ठांशाने संथ वाजते. यंत्राचे घड्याळ जवळजवळ मूळच्याच वेगाचे ठेवलेले असल्याने स्वरांची उंची ढळत नाही, केवळ लय रेंगाळते. नव्या संचाचा यात काही दोष नाही. दिल्लीत अशा यंत्रांवर खेळत वाढलेल्या माणसास मूळ जपानी धून आज प्रथमच ऐकावयास मिळाली, तर ती त्यास विनाकारण घाईत असल्यासारखी वाटते.