लांज्याच्या पावसाळी वाटा आणि चार चाकांची ओढ

मृगाचा पाऊस स्थिरावला की लांजा तालुक्यातील कच्च्या वाटांचे रूप दिवसागणिक पालटते. उतारावरची तांबडी माती साबणासारखी निसरडी होते, जांभ्याच्या कातळावर शेवाळ धरते आणि काल कोरडा असलेला वहाळ आज वाट अडवून उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच कोसळतो. नेमक्या याच दिवसांत खताची पोती आणि प्रसंगी आजारी माणूसही वाडीवरून हलवावा लागतो. अशा वेळी चारही चाकांना एंजिनाची ओढ देणारी लहान मोटार मोठी उपयोगी पडते; मात्र तिचा दांडा केव्हा टाकावा व केव्हा काढावा, हे चालकास ठाऊक असले पाहिजे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून जीपगाडी खेड्यापाड्यांच्या परिचयाची झाली. पुढे १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली आणि २०२३ मध्ये जिम्नी. या जातीच्या गाड्यांत नेहमी मागची चाके ओढ घेतात व गरज पडेल तेव्हा पुढची जोडावयाची असतात. दांड्यापाशी ‘२ एच’, ‘४ एच’ व ‘४ एल’ अशी अक्षरे असतात, ती याच स्थितींची होत. काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या तुंब्यावरील कुलूप खाली उतरून हाताने फिरवावे लागते. ते चिखलात रुतल्यावर नव्हे, रुतण्यापूर्वी फिरवावे.

चार चाके कायम जोडून ठेवली म्हणजे गाडी अधिक सुरक्षित, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पुढचा व मागचा आस एकमेकांस जखडलेले असताना हा फरक कोठेतरी निघावा लागतो. चिखलात वा सुट्या खडीवर टायर किंचित घसरून तो निघून जातो. डांबरी अथवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर मात्र घसरण्यास वाव नसतो. मग दातेचक्रांवर ताण साठतो, टायर झिजतात व सुकाणू जड होऊन गाडी वळणाबाहेर ओढ घेते. मुंबई-गोवा महामार्गावर लागताच ‘२ एच’वर यावे, ते यासाठी.

याहून धोक्याची गोष्ट ब्रेकची. चार चाकांची ओढ गाडी पुढे नेते. थांबण्याचे अंतर तिने कमी होत नाही. चढ सहज चढून गेलेला चालक त्याच भरवशावर उताराला वेग धरतो आणि शेवाळावर ब्रेक दाबताच गाडी आडवी होते. माचाळसारख्या डोंगरगावांच्या परिसरात अशा उताराच्या कच्च्या वाटेवर गाडी थांबवून, क्लच दाबून, वरच ‘४ एल’ टाकावे व पहिल्या गिअरमध्ये क्लचवरून पाय काढून एंजिनाच्या जोरावर सावकाश उतरावे. मध्येच गिअर बदलू नये. ‘४ एच’ चालत्या गाडीत टाकता येतो, पण पुस्तिकेत दिलेल्या वेगमर्यादेत, चाके सरळ असताना आणि कोणतेही चाक जागीच फिरत नसताना.

वहाळापुढे ही सर्व यंत्रसामग्री निरुपयोगी ठरू शकते. फूटभर वाहते पाणीही लहान मोटारीस उचलू लागते, आणि तरंगत्या चाकांना ओढ असून नसल्यासारखीच. फरशीवरून गढूळ पाणी वाहत असेल तर तळ खचला आहे की नाही हे वरून कळत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबावे, अथवा आजारी माणसास दुसऱ्या वाटेने न्यावे.

पक्क्या रस्त्यावर आल्यावर दांडा कधीकधी अडून बसतो. तो झटके देऊन ओढू नये. मागे-पुढे पाहून, चाके सरळ ठेवून, गाडी चार-सहा हात मागे घ्यावी. साठलेला ताण सुटतो व दांडा हलक्या हाताने परत येतो.