'द इनर लाइट' : एका ब्रिटिश गीताचे मुंबईतील ध्वनिमुद्रण

प्रस्तावना :
१९६० च्या दशकातील ब्रिटिश 'बीट' संगीताचा विचार करताना लिव्हरपूल व लंडन ही शहरे प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. तथापि, 'बीटल्स'च्या नावावर असलेल्या 'द इनर लाइट' या गीताचा संपूर्ण वाद्यमेळ मुंबईत ध्वनिमुद्रित झाला होता. हे गीत कसे घडले व त्याचे कर्तृत्व कोणाचे मानावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये पं. रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले होते. जानेवारी १९६८ मध्ये ते 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी पुन्हा आले. फोर्ट भागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत हे काम चालले व त्याच सत्रांत 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ मुद्रित झाला. 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथातील काव्य संगीतबद्ध करावे, ही सूचना केंब्रिजमधील संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांची होती.

ध्वनिमुद्रणाची प्रक्रिया :
लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्या वेळी चार ट्रॅकची यंत्रे वापरात होती. मुंबईत मात्र स्टिरिओची सोय नव्हती. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणले. ट्रॅक दोनच असल्याने प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर त्यांचा मेळ घालणे शक्य नव्हते. वादकांनी एकत्र बसून वाजवावयाचे व आवाजांचा समतोल त्याच क्षणी साधावयाचा, अशी ही पद्धत होती. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नसल्याने रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येई आणि सायंकाळी कार्यालये सुटताना जिन्यावरील वर्दळीमुळे काम थांबवावे लागे.

या गीतासाठी आशिष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (पखवाज), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व रिजराम देसाद (हार्मोनियम) आदी कलावंतांनी साथ केली. पुढे लंडनमध्ये ६ फेब्रुवारी रोजी हे मुद्रण चार ट्रॅकच्या फितीवर घेऊन हॅरिसन यांचे गायन त्यावर मुद्रित करण्यात आले. ८ फेब्रुवारीस लेनन व मॅकार्टनी यांच्या स्वरांची जोड शेवटच्या भागास मिळाली.

कर्तृत्वाचा प्रश्न :
१५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस हे गीत प्रकाशित झाले. 'बीटल्स'च्या एकल तबकडीवर आलेली हॅरिसन यांची ही पहिलीच रचना होय. विशेष म्हणजे चौघांपैकी एकानेही यात वाद्य वाजविलेले नाही. तरीही तबकडीवर नाव आले ते रचनाकाराचे व 'बीटल्स'चे. याउलट, त्याच सत्रांतून साकारलेल्या 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर भारतीय वादकांची नावे छापली गेली. म्हणजेच श्रेय देणे अशक्य नव्हते. एकल तबकडीच्या प्रथेत त्यास स्थान नव्हते.

निष्कर्ष :
ध्वनिमुद्रित गीत ही केवळ रचनाकाराची निर्मिती नसून वादक, तंत्रज्ञ, यंत्र व वास्तू यांचे ते संयुक्त फलित असते. तबकडीवरील नावांवरच विसंबून लिहिलेला संगीताचा इतिहास त्यामुळे अपुरा ठरतो. आशिष खाँ यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्या पिढीच्या आठवणी व मुंबईतील स्टुडिओंच्या नोंदी वेळीच संकलित होणे, हे संगीत व इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.