पुस्तक मिटल्यावर काय उरतें?



बारावीचा निकाल लागला व पेढे वाटून झाले, म्हणजे केदारखेड्यासारख्या गांवांतून कित्येक मुलेंमुली भोकरदन, जालना अथवा छत्रपति संभाजीनगर येथील कॉलेजांत जाण्यास निघतात. आईबाप फीचे पैसे कसेबसे उभे करतात, शिधा बांधून देतात, अंथरूण-पांघरूण देतात. परंतु एक वस्तु बहुधा कोणीच बरोबर देत नाहीं. ती म्हणजे स्वतःचा अभ्यास स्वतः करण्याची रीत.

आपल्या मराठवाड्यास उच्च शिक्षण सहजासहजीं मिळालेलें नाहीं. निजामी राजवटींत १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. परंतु तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. पुढें १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस कॉलेज काढलें, व १९५८ सालीं तेथेंच मराठवाडा विद्यापीठ झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेबांचें नांव जोडलेलें आहे. विद्येचें द्वार अशा रीतीनें जवळ आलें. पण आंत गेल्यावर करावयाचे श्रम कांहीं कमी झाले नाहींत.

शाळेंत गुरुजी धडा शिकवितात आणि दुसरे दिवशीं तोच विचारतात. ज्यास येत नाहीं त्यास उभें करतात. कॉलेजांत प्राध्यापक व्याख्यान देऊन जातात. तुम्हांस तें कळलें किंवा नाहीं, हें रोज विचारणारा कोणी नसतो. सहामाही परीक्षेपर्यंत सर्व शांत असतें, आणि त्या शांततेंतच पुष्कळांचा घात होतो.

माझाही झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं मीं एका विषयाचीं टिपणें तीन वेळां वाचलीं होतीं. प्रत्येक वाचनाबरोबर पानें अधिक ओळखीचीं वाटत, व मला तो विषय येतो असा माझा समज झाला. परीक्षेंत प्रश्न वाचला. उत्तर कोणत्या पानावर, कोणत्या कोपऱ्यांत आहे हेंही आठवलें. मात्र त्या कोपऱ्यांत काय लिहिलें होतें तें आठवेना. त्या विषयांत मी नापास झालों. घरीं पत्र लिहितांना माझा हात थरथरत होता. ओळख असणें निराळें आणि येणें निराळें, हा धडा मला एका वर्षाच्या किंमतीस मिळाला.

शास्त्रज्ञांनीं या गोष्टीचा पद्धतशीर शोध केलेला आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपलें विस्मरण मोजलें, व तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. विसरण्याचा वेग पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक असतो, असें त्यास आढळलें. २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिक या दोघांनीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींनीं एक उतारा दोनदां वाचला. कांहींनीं एकदां वाचून मग तो न पाहतां आठवेल तितका लिहून काढला. पांच मिनिटांनीं पाहिलें तेव्हां दोनदां वाचणारे किंचित् पुढें होते. परंतु आठवड्यानंतर त्यांस उताऱ्याचा शेंकडा ४२ भाग आठवला, आणि लिहून काढणाऱ्यांस ५६. परीक्षा पांच मिनिटांनीं नसते, हें ध्यानांत घ्यावें.

तेव्हां रीत अशी ठेवावी. व्याख्यान झालें त्याच दिवशीं सायंकाळीं वही न उघडतां कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें. मग वही उघडून जें राहिलें तें भरावें. पुढें तोच भाग दुसरे दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हां असाच लिहून पाहावा. प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करावा. उदाहरणार्थ, अर्थशास्त्रांत मागणीचा नियम वाचला, तर पुस्तक मिटून स्वतःस विचारावें : नियम काय? तो कोणत्या अटींवर खरा? जालन्याच्या बाजारांत मोसंबीचा भाव उतरला तर गिऱ्हाईक काय करील? आपल्या शब्दांत उत्तर देतां आलें म्हणजे तो भाग आपला झाला. पुस्तक इंग्रजी असेल तर विषय प्रथम मराठींत समजून घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र इंग्रजी संज्ञांची निराळी वही ठेवून त्याही अशाच आठवून पाहाव्या. आणि त्या एका तासापुरता मोबाईल दुसऱ्या खोलींत असावा.

ही रीत प्रथम कष्टाची वाटते. आठवत नाहीं म्हणून जीव कासावीस होतो. परंतु त्या आठवण्याच्या धडपडीनेंच विद्या मनांत मुरते. शिवाय, काय येत नाहीं हें परीक्षेपूर्वींच कळतें, हा लाभ निराळाच.

पालकांस एकच विनंति. मूल सुटींत घरीं आलें म्हणजे “किती तास वाचतोस?” असें विचारूं नका; “काय शिकलास तें मला सांग,” असें म्हणा. माझ्या आईस अक्षरओळख नव्हती. मी नापास झालों त्या सुटींत ती भाकरी थापीत असे व मी चुलीशीं बसून तिला धडा सांगत असें. तिला कळलें नाहीं कीं ती हात थांबवून माझ्याकडे पाही, आणि मला उमगे कीं तेवढा भाग मलाही कळलेला नाहीं. पुढच्या परीक्षेंत मी त्या विषयांत उत्तीर्ण झालों.