काडतूस भरणी

काडतुसाच्या पुंगळीत टोपी, मोजलेली दारू व गोळी बसविण्याच्या क्रियेस काडतूस भरणी म्हणतात. कारखान्यांत ती स्वयंचलित यंत्रांवर होते. काही देशांत नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळ्या हातदाबयंत्रावर पुन्हा भरतात. दोन्ही पद्धतींत नेमाची अचूकता व नेमबाजाची सुरक्षितता मुख्यत्वे दारूच्या मापावर अवलंबून असते.

इतिहास : काडतूस प्रचारात येण्यापूर्वी सुटी दारू मापाने बंदुकीच्या नळीत ओतीत असत. किल्ल्यांत ती कोठारात साठविलेली असे व तीच कित्येकदा घातक ठरे. नारो शंकर यांनी मोसम नदीच्या काठी बांधलेला मालेगावचा किल्ला १८१८ मध्ये अरब शिबंदीने इंग्रजांविरुद्ध सु. एक महिना लढविला. परंतु जूनमध्ये उखळी तोफांच्या माऱ्याने आतील दारूकोठाराचा स्फोट होऊन तटाचा काही भाग कोसळला व लवकरच किल्ला शरण आला. पुढे कागदी व नंतर धातूच्या काडतुसामुळे दारू लहान, बंदिस्त व आधीच मोजलेल्या भागांत विभागली गेली. त्याबरोबर मापाची जबाबदारी सैनिकाकडून भरणी करणाऱ्याकडे आली. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे दारूगोळ्याचे कारखाने स्थापन झाले.

दारूची डाय : हातदाबयंत्राच्या वरच्या भागात आटे पाडलेली पोलादी डाय बसवितात व तिच्यावर दारूचे पात्र आणि मापपट्टी असते. तरफ ओढली असता पुंगळी वर सरकून डायमध्ये शिरते. डायमधील पोकळ, निमुळत्या नळीमुळे पुंगळीचे तोंड किंचित फाकते. त्याच वेळी पुंगळीच्या रेट्याने मापपट्टी सरकून ठराविक घनफळाची दारू आत पडते. त्यामुळे डायची उंची बदलली की या दोन्ही क्रियांत फरक पडतो. डाय फार वर राहिल्यास पट्टी पूर्ण सरकत नाही व दारू कमी पडते. ती फार खाली गेल्यास तोंड प्रमाणाबाहेर फाकून पितळ चिरते.

म्हणून पुंगळी पूर्ण वर असताना पट्टीचा फेरा पुरा होईपर्यंत डाय खाली फिरवितात. त्यानंतर ती अत्यल्प फिरवून गोळीचा तळ तोंडात जेमतेम टेकेल इतकेच तोंड फाकवितात व अडकणी कडे घट्ट करतात. दारूचे प्रमाण मात्र डायने नव्हे, तर मापपट्टीच्या पोकळीने ठरते.

मापाची तपासणी : पट्टी घनफळ मोजते, तर दारूचे प्रमाण वजनात सांगितलेले असते. दाण्यांचा आकार, पात्रातील पातळी व यंत्राची कंपने यांमुळे त्याच पोकळीतील वजन बदलते. म्हणून पहिली काही मापे पात्रात परत टाकून पुढील दहा मापे काट्यावर तोलतात. वजनाचे एकक ग्रेन (०.०६४८ ग्रॅ.) आहे. पिस्तुलाच्या काडतुसात ५ ग्रेन, म्हणजे सु. ०.३२ ग्रॅ. दारू असेल, तर अर्ध्या ग्रेनची चूक १० टक्के ठरते. वायूचा दाब दारूच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढत असल्याने ही चूक क्षुल्लक नसते.

दारू फारच कमी पडल्यास गोळी नळीत अडकते व पुढच्या बाराने नळी फुटू शकते. लहान माप पुंगळी अर्धीही भरत नसल्यास चुकून पडलेली दुप्पट दारू बाहेर सांडत नाही व दोष लपून राहतो. यासाठी गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून दारूची पातळी पाहणे, हीच सर्वांत भरवशाची तपासणी होय.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही.