फोरहँडचा फटका आणि मुरमाचें कोर्ट

जिल्ह्याच्या गांवीं टेनिस शिकणाऱ्याला शिक्षक लाभतोच असें नाहीं. तो पाहून शिकतो. मी बुलढाण्यास शिकलों तेव्हां पाहावयास होते ते कचेरी सुटल्यावर कोर्टावर येणारे वकील आणि अंमलदार. आजच्या मुलांना दूरचित्रवाणीवर जगांतले पहिल्या प्रतीचे खेळाडू दिसतात. आदर्श सुधारला, पण फटका सुधारलाच असें म्हणवत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत एका मुरमाच्या कोर्टावर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी खेळतांना पाहिली. फटक्यानंतर तिची रॅकेट डोक्यावरून अशी डौलानें फिरे कीं पाहात राहावें. चेंडू मात्र कधीं जाळ्याच्या पायथ्याशीं, तर कधीं थेट मागच्या कुंपणावर. मनगटाला पट्टी बांधलेली होती. तिचे वडील मला म्हणाले, "भाऊ, हिच्या हातांत जोर कमी पडतो का हो? तसें असेल तर आतां सोडूनच द्यावें म्हणतों."

जोर मुळींच कमी नव्हता. तो भलत्या ठिकाणीं आणि भलत्या वेळीं लागत होता. तो कसा, हेंच आज सांगावयाचें आहे.

फोरहँड म्हणजे उजव्या हातानें खेळणाऱ्यानें आपल्या उजव्या बाजूस आलेला चेंडू मारावयाचा फटका. डावखुऱ्या श्रोत्यांनीं या भाषणांतील उजवें-डावें उलट समजावें. या फटक्याचें निम्में भवितव्य चेंडू येण्यापूर्वींच, रॅकेट धरण्याच्या तऱ्हेवर ठरतें. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. त्यांवर तळवा कोठें बसतो, त्याप्रमाणें पकडीचे प्रकार होतात. कुऱ्हाड धरावी तशी रॅकेट उभी धरली कीं ती झाली कॉंटिनेंटल पकड. मुठीशीं हस्तांदोलन करावें तशी धरली, म्हणजे तळवा बरोबर मुठीच्या मागें आला, कीं ती ईस्टर्न. आणि जमिनीवर आडवी पडलेली रॅकेट वरून मुठींत धरून उचलली, तर ती वेस्टर्न. हें पूर्व-पश्चिम आपलें नव्हे. तें अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांचें आहे.

आतां या पकडी कोणा शास्त्रज्ञानें बसून ठरविलेल्या नाहींत. त्या जमिनींतून उगवल्या. बिल जॉन्स्टन हा चणीनें लहान खेळाडू सॅन फ्रान्सिस्कोच्या सिमेंटच्या कोर्टांवर वाढला. तेथें चेंडू उंच उसळे, म्हणून त्याचा तळवा मुठीखालीं गेला आणि खांद्याएवढ्या उंचीचा चेंडू तो वरून दडपून मारूं लागला. १९१९ सालीं अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत त्यानें फिलाडेल्फियाच्या बिल टिल्डनला हरविलें. पुढच्याच वर्षीं टिल्डननें त्याची परतफेड केली, आणि टिल्डनची पकड ईस्टर्न होती. इंग्लंडचा फ्रेड पेरी आधीं टेबल टेनिसचा जगज्जेता, १९२९ चा. मग १९३४ पासून लागोपाठ तीन वर्षें विंबल्डनचा विजेता. हिरवळीवर चेंडू बुटका राहतो, त्याला कॉंटिनेंटल पकड पुरली. २००१ मध्यें विंबल्डनकरांनीं हिरवळीचें गवतच बदललें, चेंडूची उसळी वाढली, आणि आज तेथेंही कॉंटिनेंटल फोरहँड औषधालाही दिसत नाहीं.

पेरीच्या त्या १९३४ सालींच लीला राव यांनीं विंबल्डनवर सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या मातुःश्री पंडिता क्षमा राव संस्कृतांत ग्रंथरचना करीत आणि स्वतः टेनिसही खेळत. मुलींना हा खेळ कशाला, असा प्रश्न ज्या घरांतून अजून ऐकूं येतो, त्यांना हें एक उदाहरण पुरे. नाहीं तर दुसरें अलीकडचें आहे. २०२३ सालीं हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ऋतुजा भोसले हिनें रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडे बिकट आहे. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग. बुलढाणें घाटावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. मलकापूर, खामगांव खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून कोर्ट मुरमाचें करावें लागतें. नियमाप्रमाणें १०० इंचांवरून सोडलेला चेंडू घट्ट पृष्ठभागावर साधारण ५३ ते ५८ इंच उसळावा. पण पावसाळा संपतांना ओलसर मुरमावर तोच चेंडू घोट्याशीं लोळतो, तर वैशाखांत, जमीन वाजूं लागली आणि घाटाखालीं पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे, तापलेलें रबर खांद्यापर्यंत उडी मारतें. मध्येंच एखादा खडा त्याला भलतीकडे वळवितो तें निराळेंच. म्हणजे जें कोर्ट दसऱ्याला पेरीचें, तें अक्षय्यतृतीयेला जॉन्स्टनचें!

त्या मुलीची पकड पक्की वेस्टर्न होती. या पकडीनें रॅकेटचें तोंड स्वभावतःच जमिनीकडे झुकतें. चेंडू उंच असेल तर तें योग्यच. पण चेंडू गुडघ्याखालीं आला कीं अगदीं शेवटच्या क्षणीं मनगट मुरडून तोंड उघडावें लागतें. चेंडू तारांवर टेकतो तो सेकंदाचा सुमारें दोनशेवा भाग. तेवढ्यांत मनगटानें केलेली दुरुस्ती कधीं कमी पडते, कधीं जास्त होते, आणि दुखणें मात्र दरवेळीं शिल्लक राहतें. ही पकड तिनें हौसेनें घेतली होती असेंही नाहीं. लहान मूल मोठ्यांच्या चेंडूनें खेळलें कीं प्रत्येक चेंडू त्याच्या खांद्यावर येतो आणि तळवा आपोआप मुठीखालीं सरकतो. आंतरराष्ट्रीय टेनिस संघानें २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत मंद, कमी उसळीचे चेंडू सक्तीचे केले, त्याचें एक कारण हेंच. असे चेंडू न मिळाल्यास झिजलेले जुने चेंडू मुलांना द्यावे. पालकांना नवे पिवळेधमक चेंडू देण्याची हौस असते, ती थोडी आवरावी.

मीं तिचा तळवा दोन पैलू मागें आणला, म्हणजे ईस्टर्नवर. कडक उन्हाळ्यांत एक पैलू पुढें जाण्यास हरकत नाहीं, असेंही सांगितलें. पण पकड बदलल्यानें काम अर्धेंच झालें, कारण जोराचा प्रश्न उरतोच.

ज्वारी निसवली कीं मचाणावर उभा राहून पांखरें हांकणारा गोफणवाला आपण पाहिला असेल. त्याची दोरी कधीं ताठ काठीसारखी असते काय? जोर त्याच्या पायांतून निघतो, कंबरेंतून वळतो, खांद्यांतून जातो. दोरी तो जोर गोट्यापर्यंत पोंचविते एवढेंच. फोरहँडमध्यें हात म्हणजे ती दोरी. नवशिका काय करतो? छाती जाळ्याकडे ठेवून उभा राहतो, चेंडू जवळ आल्यावर घाईनें हात मागें नेतो आणि एकट्या दंडानें तो ओढून आणतो. मध्यम वेगाचा चेंडू पलीकडून आपल्यापर्यंत येण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. त्यांतला पहिला अर्धा वेळ खांदे वळविण्यांत गेला पाहिजे. यासाठीं एक सोपी खूण आहे. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवावा आणि चेंडू फोरहँडकडे येतो असें दिसतांच दोन्ही हातांनीं मिळून रॅकेट बाजूला न्यावी. डावा खांदा जाळ्याकडे येतो, कंबर पिळली जाते, आणि मग डावा हात सोडावा. आमच्या मुरमावर रॅकेट फार मागें नेऊं नये; चेंडूनें दगा दिला तर लांब घेतलेला हात वेळेवर परत येत नाहीं. चेंडू कंबरेच्या उंचीला, पुढच्या पायाच्याही थोडा पुढें गांठावा. फटक्याचा शेवट डोक्यावर होतो कीं डाव्या खांद्यावर, याची चिंता करूं नये. दूरचित्रवाणीवर तोच भाग देखणा दिसतो खरा, परंतु चेंडू तोंवर निघून गेलेला असतो.

चेंडू जाळ्यांत जातो त्याचें कारण बहुधा भिडस्तपणा. जाळें मध्यभागीं ३ फूट, खांबांशीं साडेतीन फूट. पुष्कळांना वाटतें कीं चेंडू जाळ्याला चाटून गेला पाहिजे. उलट तो तीन-चार फूट वरून जाऊं द्यावा, आणि शक्यतों तिरपा मारावा, कारण तिरप्या फटक्याला जाळें मध्यावर बुटकें मिळतें. शिवाय कोर्टाची सरळ लांबी ७८ फूट, तर एकेरीच्या कोर्टाचा कर्ण साडेब्याऐंशी फुटांचा. साडेचार फूट फुकटचे पदरांत पडतात. रॅकेट खालून वर नेत चेंडू घांसला तर त्याला पुढच्या दिशेनें गिरकी मिळते, हवा त्याला खालीं दाबते आणि उंचावरून गेलेला चेंडूही रेषेच्या आंत उतरतो. हीच टॉपस्पिन. ती मनगटाच्या झटक्यानें काढावयाची नसते. गुडघे वाकवून उठतांना ती आपसूक मिळते.

यापुढें उरतो तो सराव, आणि शिक्षक नाहीं तेथें भिंत. गोदामाची, शाळेची, कोणतीही सपाट भिंत चालेल. तीन फुटांवर गेरूची एक रेघ काढावी आणि सात फुटांवर दुसरी. चेंडू या दोहोंच्यामध्यें लागावा. पंचवीस फुटांवर उभें राहावें. परंतु भिंतीला एक खोड आहे. ती चेंडू निम्म्या अंतरांतून परत करते, त्यामुळें खेळणारा घाईला येतो, खांदे वळवावयाचे विसरतो आणि महिनाभरांत जुनी दंडाची संवय पक्की करून घरीं जातो. म्हणून चेंडूला दोन टप्पे पडूं द्यावे. बघणारे हंसतील, हंसूं द्यावें. दुसऱ्या टप्प्यानंतरचा चेंडू बुटका येतो, म्हणजे गुडघेही वाकतात. पन्नास फटके झाले कीं थांबावें; मनगट किंवा कोपर दुखूं लागलें तर त्याआधींच.

त्या मुलीला मीं पावसाळ्यापुरती भिंतच सांगितली आहे, मनगटाचें दुखणें पुरतें गेल्यावर. दसऱ्याच्या सुमारास कोर्टावर रोलर फिरेल, तेव्हां चेंडू पुन्हां घोट्याशीं येऊं लागतील. तिनें पट्टी सोडली आहे असें तिच्या वडिलांनीं कळविलें. रॅकेट विकण्याची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढलेली नाहीं.